मॅपलिथोवर रंग मळके येतात, शाई वाढवावी का?

अंकसजावट
दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ १७० जीएसएम आर्ट पेपरवर (गुळगुळीत लेप असलेला, कोटेड), आतली रंगीत पानं ८० जीएसएम मॅपलिथोवर (बिनलेपाचा, अनकोटेड). चाररंगी शीटफेड (सुट्या शीटवर छापणारं ऑफसेट मशीन). दोन्हीकडे ३३०% टोटल इंकची (सर्वांत गडद जागी चारही रंगांच्या टक्क्यांची बेरीज) एकच फाईल. आत पैठणीचा जांभळा मळका दिसतो, गडद भागातली जरीची नक्षी बुजते, थप्पीत वरच्या शीटच्या पाठीला शाई लागते. मशीनमन आणखी शाई सोडू म्हणतात. त्याने रंग खुलतील का?

प्रेसरूम
नाही, आणखी बिघडतील. थर वाढतो तसा रंग आधी तेजस्वी होतो, मग तेज थांबतं, नुसता काळपटपणा वाढतो आणि छटा सरकते: मॅजेंटा लालीकडे, सायन निळ्याकडे. मॅपलिथो शाई पितो, म्हणून ही हद्द लवकर येते. आर्ट पेपरवर मॅजेंटाचं ए मूल्य (लॅब रंगमापनातला लालीचा आकडा) ७४ च्या आसपास जातं, अनकोटेडवर ६० च्या आसपास थांबतं. ही कागदाची मर्यादा, शाईने ती भरून निघत नाही.

कुठे थांबायचं ते डेन्सिटोमीटर (छापलेल्या शाईची घनता, म्हणजे डेन्सिटी, मोजणारं यंत्र) सांगेल. सॉलिडच्या (१००% शाईच्या पट्टीच्या) डेन्सिटीतून ७५% पट्टीची वजा करा, सॉलिडने भागा. समजा १.०० आणि ०.७५ आले, तर कॉन्ट्रास्ट २५%. शाई वाढवून १.१५ आणि ०.९३ झाले, तर १९%, म्हणजे ठिपके फुगून सावल्या भरल्या. हा आकडा सर्वांत मोठा येईल तिथेच शाईची चावी ठेवा. प्रत्येक रंगाचं वेगळं मोजा.

प्लेटमेकर
मूळ दुखणं फाईलचं आहे. आतल्या पानांसाठी मूळ आरजीबी (कॅमेऱ्याच्या लाल-हिरवा-निळा) फोटोंवरून अनकोटेड प्रोफाईलने (त्या कागदाची रंगक्षमता सांगणारी फाईल) छपाईच्या चार रंगांत, म्हणजे सीएमवायकेत, वेगळं रूपांतर करा. टोटल इंक २६० ते २८०%, जीसीआर (करड्या भागाच्या जागी काळा घालणं) मध्यम. त्यात तिन्ही रंगांतला करडा भाग निघून जागी काळा येतो. सावली गडदच राहते, शाई कमी लागते. जांभळ्यात पिवळा किती आहे तेही बघा. १०-१५% पिवळासुद्धा जांभळा मारतो. तो सॉफ्टवेअरमधल्या कर्व्हने उतरवा.

अंकसजावट
मूळ फोटो मिळणार नाहीत, फक्त सीएमवायके आहे.

प्लेटमेकर
मग डिव्हाइस-लिंक प्रोफाईल (सीएमवायकेतून थेट सीएमवायकेत नेणारं, काळा काळाच ठेवू शकणारं) वापरा. साध्या प्रोफाईलने सीएमवायकेतून सीएमवायकेत नेलंत, तर निव्वळ काळ्यातला मजकूरही चार रंगांत फुटेल आणि रजिस्टर (चारही रंगांची एकमेकांवरची जुळणी) जरा हललं की अक्षरांना रंगीत कडा येतील.

प्रेसरूम
आणखी एक. मॅजेंटा ओल्या सायनवर बसतो. सायन जाड गेला की मॅजेंटा नीट धरत नाही, जांभळा निळसर पडतो. सायनचा टॅक (शाईचा चिकटपणा) मॅजेंटापेक्षा जास्त हवा. पाठीला शाई लागते म्हणून शीटवर फवारायची पावडर वाढवू नका; आधी नव्या फाईलच्या प्लेटा लावा, थप्पी बुटकी ठेवा.