मधुमेही किडनीविकारात चिनी औषधांनी आयुष्य वाढतं, हे मानायचं का?

वैशाली_क
तैवानच्या राष्ट्रीय आरोग्य विम्यात (१९९५ पासून) चिनी वैद्यकाचे उपचारही येतात. त्या नोंदींवरच्या अभ्यासांत मधुमेहाने किडनी बिघडलेल्यांपैकी चिनी औषधं घेणारे जास्त जगलेले दिसतात. मला हे पटत नाही. ‘औषध घेणारा’ म्हणून नोंद व्हायला औषध सुरू होईपर्यंत जिवंत राहावं लागतं. त्याआधीच जो गेला तो आपसूक ‘न घेणाऱ्यां’मध्ये मोजला जातो. हिशेब तिथेच एका बाजूला झुकतो. शिवाय विम्याच्या नोंदीत क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) किंवा लघवीतल्या प्रथिनाचे आकडे नसतात. मग कोणाची किडनी किती खराब होती, हे जुळवायचं कशावरून?

अनिरुद्ध७१
ही त्रुटी संशोधकांनाही माहीत आहे, तिच्यासाठी गणितात दुरुस्ती करता येते. तिथले बरेच रुग्ण रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या चालू ठेवूनच ही औषधं घेतात. आणि चिनी औषधांची नीट चाचणी होतच नाही असंही नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर द्यायच्या ‘तोंगशिनलुओ’ची चाचणी चीनमध्ये साडेतीन हजारांहून जास्त रुग्णांवर झाली. २०२३ मध्ये निकाल आला, तो औषधाच्या बाजूने होता.

वैशाली_क
अहो, मग माझंच म्हणणं खरं ठरलं की! त्या चाचणीत कोणाला औषध आणि कोणाला नुसती दिसायला तशीच कॅप्सूल, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. किडनीसाठीही तसंच करा. कॅनाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरच्या औषधाची चाचणी ४,४०१ मधुमेही किडनीरुग्णांवर झाली, फायदा इतका स्पष्ट होता की ती मुदतीआधीच थांबवली. असा पुरावा हातात असताना नोंदींमधल्या योगायोगावर जीव का टांगायचा?

डायलिसिस_तंत्रज्ञ
मला दुसरीच भीती आहे. ब्रुसेल्समध्ये १९९० च्या दशकात वजन उतरवायच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी अरिस्टोलोकिया ही किडनीला विषारी वनस्पती पडली आणि शंभरावर लोकांच्या, बहुतेक बायकांच्या, किडन्या गेल्या. त्यांतल्या कित्येकींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. ज्याची किडनी आधीच अर्धी गेलीय त्याच्याकडे असल्या चुकीला जागाच नसते.

अनिरुद्ध७१
तिथे माल बदलला होता. तो दोष अख्ख्या चिनी वैद्यकाच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. तैवानने २००३ मध्ये अरिस्टोलोकिक आम्ल (अरिस्टोलोकियातलं विष) असलेल्या वनस्पतींवर बंदी घातली. नोंदी तपासूनच धोका कळतो, तसाच फायदाही कळू शकतो. मोठ्या चाचणीला पैसे कोण देणार, हेही सांगा.

मीरा_नाशिक
माझ्या सासऱ्यांना कोणीतरी परदेशातून असला काढा आणून दिलाय. रक्तदाबाची गोळी लोसार्टन चालू आहे. द्यावा का?

डायलिसिस_तंत्रज्ञ
मीराताई, विचारल्याशिवाय नको. पुडकं घेऊन त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांकडे जा. बऱ्याच चिनी काढ्यांत ज्येष्ठमध असतं, ते फार दिवस पोटात गेलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. लोसार्टन मात्र स्वतःहून बंद करू नका.