सिकलसेल (एसएस पॅटर्न): हायड्रॉक्सियुरिया सुरू करावे की जनुक-उपचाराची वाट पाहावी?

वैनगंगाकाठ (गडचिरोली जिल्हा)

माझ्या मोठ्या भावाच्या मुलीला सिकलसेल आहे. ती नऊ वर्षांची आहे. शाळेतल्या सोल्युबिलिटी या प्राथमिक चाचणीत ती पॉझिटिव्ह आली, पुढे एचपीएलसी तपासणीत (रक्तातले हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) एसएस पॅटर्न निघाला, म्हणजे आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलेला आहे. दादा आणि वहिनी दोघेही वाहक आहेत, म्हणजे दोघांकडे या सदोष जनुकाची एकेक प्रत आहे, हे त्यानंतरच आम्हांला कळले. गेल्या पावसाळ्यापासून तिचे हातपाय आणि पाठ वारंवार दुखते, दोनदा तिला भरती करावे लागले आणि एकदा रक्तही चढवावे लागले.

डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया सुरू करण्याचा सल्ला दिला आहे. हे कर्करोगाचे औषध आहे असे दादाच्या ऐकण्यात आल्यामुळे तो तयार होत नाही. त्यातच क्रिस्पर या जनुकात बदल करण्याच्या तंत्राने सिकलसेल मुळापासून बरा होतो अशी बातमी त्याने वाचली आहे आणि तो उपचार भारतात येईपर्यंत तीन-चार वर्षे थांबावे, उगाच पोरीच्या शरीरात जहाल औषध कशाला घालायचे, असे त्याचे म्हणणे आहे. मी गणिताचा शिक्षक आहे, जीवशास्त्र माझा विषय नाही. हे औषध नेमके काय करते, नवा उपचार नेमके काय करतो आणि थांबण्यात शहाणपण आहे का, हे जाणकारांनी समजावून सांगावे. तिच्या अहवालात ‘एस’ ७६ टक्के आणि ‘एफ’ २० टक्के असे लिहिले आहे. या ‘एफ’बद्दल आम्हांला कोणीच काही सांगितलेले नाही.

रक्तपेशी_अभ्यासक (पुणे)

नमस्कार. आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या ‘एफ’मध्येच आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. मी प्रयोगशाळेत काम करतो, रुग्णांवर उपचार करत नाही, त्यामुळे औषधाची मात्रा आणि तपासण्यांबाबत आपल्या डॉक्टरांचाच शब्द अंतिम मानावा.

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असते. सिकलसेलमध्ये तिथे व्हॅलीन येते आणि अशा हिमोग्लोबिनला ‘एस’ म्हणतात. हा एवढाच बदल व्हर्नन इंग्रॅम यांनी १९५० च्या दशकात केंब्रिजमध्ये शोधून काढला. त्याआधी, १९४९ मध्ये, लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात वेगळ्या गतीने सरकते हे दाखवून या आजाराचे मूळ एका रेणूत आहे असे मांडले होते. व्हॅलीनला पाण्याचे वावडे असते. हिमोग्लोबिनने ऊतींना प्राणवायू दिला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि हे व्हॅलीन शेजारच्या रेणूवरील एका खाचेत जाऊन बसते. असे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब, ताठ तंतू तयार होतात, पेशी कोयत्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मुलीला जी वेदना होते, ती हाडांच्या त्या भागाला रक्त न मिळाल्याची वेदना आहे. वाकलेल्या पेशी लवकर फुटतातही. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस टिकते, तर ही पेशी बहुधा १० ते २० दिवसच टिकते. रक्तक्षय त्यामुळेच होतो.

हे तंतू तयार व्हायला किती वेळ लागेल, ते पेशीतल्या ‘एस’ हिमोग्लोबिनच्या दाटपणावर फार तीव्रतेने अवलंबून असते. शरीरातले पाणी थोडे कमी झाले, पेशी थोडी आकसली, की हा वेळ एकदम घटतो. भरपूर पाणी पाजा, उन्हात आणि गारठ्यात जपा, हा सल्ला वरवरचा वाटतो, पण त्यामागे हे भौतिकशास्त्र आहे. आपण गणिताचे शिक्षक आहात म्हणून सांगतो, हे नाते सरळ प्रमाणाचे नसून फार मोठ्या घाताचे आहे.

आता ‘एफ’. गर्भात असताना बाळाच्या रक्तात मुख्यतः हे हिमोग्लोबिन असते. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते आणि ती तंतूमध्ये नीट बसत नाही, त्यामुळे तंतूची वाढ अडते. सिकलसेलच्या बाळांना पहिले काही महिने फारसा त्रास का होत नाही, याचे कारण न्यूयॉर्कमधील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच या गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनमध्ये पाहिले होते. जन्मानंतर ‘एफ’ कमी होत जाते आणि ‘एस’ त्याची जागा घेते. मध्य भारतातल्या अनेक रुग्णांमध्ये ते मोठेपणीही बऱ्यापैकी उरते. आपल्या पुतणीचे २० टक्के हे त्यातलेच आहे आणि ती जमेची बाजू आहे.

मग तरीही तिला वेदनेचे झटके का येतात? कारण २० टक्के ही सरासरी आहे. काही पेशींत ‘एफ’ भरपूर असते, तर काहींत जवळजवळ नसतेच, आणि रक्तवाहिनी तुंबवायला या दुसऱ्या पेशी पुरेशा ठरतात. विदर्भातला सिकलसेल सौम्यच असतो असे सरसकट म्हटले जाते, ते मला म्हणूनच पटत नाही. नागपूर परिसरातल्या रुग्णांमध्ये ‘एफ’ जास्त असूनही गंभीर आजार नोंदवला गेला आहे.

हायड्रॉक्सियुरिया अस्थिमज्जेतल्या (हाडांच्या आत रक्तपेशी तयार करणारा मगज) वेगाने विभागणाऱ्या पेशींना हलकासा लगाम घालते. त्या ताणाला प्रतिसाद म्हणून मज्जा जास्त ‘एफ’ असलेल्या, आकाराने मोठ्या लाल पेशी तयार करते. शिवाय पांढऱ्या पेशींची संख्या उतरते आणि पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला कमी चिकटतात. अमेरिका आणि कॅनडात २९९ प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९५ मध्ये आले. त्यात वर्षाकाठी येणाऱ्या झटक्यांचा मध्यांक औषध न मिळालेल्या गटात ४.५, तर औषध मिळालेल्या गटात २.५ दिसला आणि फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. पुढे आफ्रिकेतल्या चार देशांत सुमारे सहाशे मुलांना हे औषध देऊन पाहण्यात आले आणि २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वेदना, रक्त चढवण्याची गरज, मलेरिया आणि मृत्यू या सगळ्यांत घट झाली. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यासाठी यातला मलेरियाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे, कारण वाहकांना मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळत असले, तरी एसएस रुग्णाला मलेरिया झाला तर तो फार घातक ठरू शकतो.

हे औषध काही रक्तकर्करोगांत वापरले जाते हे खरे आहे, पण सिकलसेलमध्ये ते ठरावीक मात्रेत, रक्ताच्या नियमित तपासणीसह दिले जाते. वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेल्या सिकलसेल रुग्णांमध्ये त्यामुळे कर्करोग वाढल्याचे दिसलेले नाही. त्याचा खरा धोका वेगळा आहे. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट जास्त उतरू शकतात, म्हणून तपासणी चुकवता कामा नये. पुढे ती मोठी झाल्यावर गर्भधारणेच्या बाबतीतही डॉक्टरांशी आधीच बोलावे लागेल.

क्रिस्परबद्दलही थोडक्यात सांगतो. ‘एफ’ बंद करणारा मुख्य नियंत्रक बीसीएल११ए नावाचा प्रथिन-रेणू आहे, हे २००८ च्या सुमारास बोस्टनमधील स्टुअर्ट ऑर्किन आणि विजय शंकरन यांच्या कामातून पुढे आले. हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाचा एक छोटा भाग त्या जनुकाला लाल पेशींच्या वंशात चालू ठेवतो. कॅसजेवी या क्रिस्पर-उपचारात रुग्णाच्याच स्टेम सेल (ज्यांच्यापासून रक्तपेशी बनतात त्या मूळ पेशी) बाहेर काढून नेमका तेवढाच भाग कापतात. नियंत्रक ढिला पडतो आणि ‘एफ’ परत येते, एकूण हिमोग्लोबिनच्या सुमारे ४० टक्के, आणि तेही जवळजवळ प्रत्येक लाल पेशीत. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ रोजी त्याला मान्यता दिली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तपासलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान वर्षभर तीव्र झटका आला नाही. रोगाचे मूळ असलेला बीटा साखळीतला दोष मात्र या उपचारात तसाच राहतो. म्हणजे तो महागडा उपचार आणि ही साधी कॅप्सूल दोन्ही ‘एफ’ वाढवूनच काम करतात. फरक परिणामाच्या ताकदीचा आहे आणि त्यासाठी मोजाव्या लागणाऱ्या किमतीचा आहे.

यवतमाळची_आई

माझा मुलगा एसएस आहे आणि काही वर्षांपासून हे औषध घेतो. वर दिलेली माहिती वाचून बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. मी फक्त अनुभवाचे दोन शब्द सांगते. औषधाचा गुण पहिल्या महिन्यात दिसत नाही, त्याला काही महिने द्यावे लागतात आणि नेमके त्याच काळात नातेवाईक “बंद करा” म्हणून मागे लागतात. आमच्याकडे एकदा सरकारी दवाखान्यातला साठा संपला होता आणि मुलाचे औषध मध्येच तुटले. तेव्हापासून मी कॅप्सूल संपण्याच्या बऱ्याच आधी चौकशी करते. तुमच्या वहिनींना सांगा की ताप आला तर घरी क्रोसिन देऊन वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. या मुलांची प्लीहा (जंतूंशी लढायला मदत करणारा पोटातला अवयव) नीट काम करत नाही, त्यामुळे साधा वाटणारा ताप काही तासांत गंभीर होऊ शकतो. न्यूमोकोकस या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूवरची लस झाली आहे का, तेही विचारून घ्या. पोटाच्या डाव्या बाजूला वर हात लावून प्लीहा वाढली आहे का हे पाहायला परिचारिकाताईंनी मला शिकवले, त्यांनाही शिकवून घ्यायला सांगा.

चंद्रपूरकर

पुण्याच्या मित्रांनी विज्ञान उत्तम समजावले, पण दादांच्या मनातल्या आशेकडे थोडे आणखी लक्ष द्यायला हवे होते असे वाटते. आपल्या भागातल्या लोकांनी “तो उपचार आपला नाही” असे मुकाट्याने स्वीकारू नये. अमेरिकेत कॅसजेवीची किंमत २२ लाख डॉलर आहे आणि ती कोणत्याही सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे. त्याआधी बुसल्फान हे जहाल औषध देऊन रुग्णाची मज्जा रिकामी करावी लागते, अनेक आठवडे रुग्णालयात राहावे लागते आणि त्यामुळे वंध्यत्वाचा धोका असतो. शिवाय अमेरिकेत ही मान्यता १२ वर्षे आणि त्यापुढील वयाच्या रुग्णांसाठी दिली गेली, म्हणजे आपली पुतणी त्यात बसली नसती. तरीही दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेत स्वदेशी क्रिस्पर उपचारावर काम चालू आहे. शरीराबाहेर पेशी न काढता थेट शरीरातच हा बदल घडवता येईल का, यावरही जगभर संशोधन होत आहे. गेट्स फाउंडेशन आणि अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था यांनी २०१९ मध्ये नेमके गरीब देशांना परवडतील असे जनुक-उपचार शोधण्यासाठी प्रत्येकी किमान १० कोटी डॉलर देण्याचे जाहीर केले होते. ही कामे पूर्ण व्हावीत आणि त्यांच्या चाचण्यांत गोंड, परधान, भिल्ल, पावरा आणि दलित समाजांतल्या रुग्णांना न्याय्य वाटा मिळावा, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

दुसरा मुद्दा अधिक तातडीचा आहे. अस्थिमज्जा प्रत्यारोपण हा पूर्ण बरे करू शकणारा उपचार भारतात आजही उपलब्ध आहे. त्यासाठी एचएलए (पेशींवरच्या ओळखीच्या खुणा) जुळणारा दाता लागतो. प्रत्येक सख्ख्या भावंडाशी ते जुळण्याची शक्यता २५ टक्के असते आणि ते भावंड स्वतः वाहक असले तरी दाता होऊ शकते. प्रत्यारोपणातही गंभीर धोके आहेत आणि ते कमी वयात, अवयवांची हानी होण्याआधी केले तर निकाल चांगले येतात. मुलीला भावंड असेल तर रक्ततज्ज्ञांशी याबद्दल आताच बोलावे. आमच्या चंद्रपूरला आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) हिमोग्लोबिनच्या आजारांचे केंद्र आहे, तिथेही चौकशी करता येईल.

रक्तपेशी_अभ्यासक (पुणे)

चंद्रपूरकरांचे म्हणणे मला मान्य आहे, प्रत्यारोपणाचा उल्लेख माझ्या उत्तरात यायला हवा होता. एक भर घालतो. जनुक-उपचार किंवा प्रत्यारोपण झाले तरी बदल फक्त रक्ताच्या पेशींत होतो, बीजपेशींत (ज्यांच्यापासून पुढची पिढी जन्मते) होत नाही. त्यामुळे पुढे तिच्या अपत्यांना हा जनुक मिळणारच, आणि जोडीदाराची तपासणी तेव्हाही तितकीच आवश्यक राहील.

वैनगंगाकाठ (गडचिरोली जिल्हा)

सर्वांचे मनापासून आभार. दादाला मी सगळे वाचून दाखवले. हे औषध घेतल्याने पुढच्या उपचाराची वाट बंद होईल अशी त्याला भीती होती. तसे काही होते का? तिला चार वर्षांचा भाऊ आहे, त्याची सिकलसेल तपासणीही अजून झालेली नाही.

रक्तपेशी_अभ्यासक (पुणे)

वाट बंद होत नाही. उलट पुढे प्रत्यारोपण किंवा जनुक-उपचार करायचा झाला, तर मेंदू, फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि यकृत चांगल्या स्थितीत असावे लागतात, आणि दरवेळच्या झटक्यात त्यांचेच नुकसान होते. जनुक-उपचारासाठी पेशी गोळा करण्यापूर्वी हायड्रॉक्सियुरिया काही काळ थांबवावे लागते, तेव्हाचा निर्णय ते पथक घेईल. धाकट्याची तपासणी मात्र याच आठवड्यात करा. आधी एचपीएलसी करून घ्या. तो एसएस नसेल, तर त्याच्या आणि ताईच्या एचएलए तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. तोही एसएस निघाला, तर लसी आणि तापाबद्दलची जी काळजी यवतमाळच्या ताईंनी सांगितली आहे, ती त्याच्यासाठीही त्याच दिवसापासून सुरू करावी लागेल.