फँटसी लिहिणाऱ्यांचं आयुष्य आपल्याला माहीत असायला हवं का?

घुबड
वास्तववादी कादंबरी हातात घेतली की आपण लगेच विचारतो लेखक कोण, कुठला, त्याने हे स्वतः भोगलंय का. आणि ड्रॅगन, परग्रह, जादूगार आले की तेच लोक म्हणतात हा कल्पनेचा खेळ, लेखकाच्या आयुष्याशी काय घेणंदेणं. मला बरोबर उलटं वाटतं. वास्तववादी लेखक शेजाऱ्यापाजाऱ्यांचं बघून लिहू शकतो, पण ज्याला अख्खं जग नव्याने उभं करायचंय त्याला सामान आणायला स्वतःच्या आयुष्याशिवाय दुसरं दुकान कुठलं?

टोल्किन घ्या. चार वर्षांचा असताना वडील गेले, बाराव्या वर्षी आई, मग एका कॅथलिक पाद्र्याच्या पालकत्वाखाली वाढला, १९१६ ला पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत होता, शाळेपासूनच्या चौघांच्या कंपूतले दोघं युद्धात मेले. आता 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' आठवा, चार छोटी माणसं घरदार सोडून निघतात, जग वाचवून परत येतात आणि त्यातल्या एकाला आता त्या घरात जगताच येत नाही. ऑर्क राक्षस आणि जादूची अंगठी बाजूला ठेवा, हे युद्धावरून परत आलेल्या पोराचं पुस्तक आहे. किंवा अर्सुला ले ग्विन, वडील आल्फ्रेड क्रोबर म्हणजे अमेरिकेतले मोठे मानववंशशास्त्रज्ञ, आईने 'इशी' या आपल्या जमातीतल्या शेवटच्या उरलेल्या माणसावर पुस्तक लिहिलेलं. ती मुलगी मोठी होऊन काय लिहिते, तर एक एकटा माणूस परक्या ग्रहावर जातो आणि तिथल्या लोकांच्या चालीरीती समजून घ्यायची धडपड करतो. याला योगायोग म्हणायचं?

माझं मत सरळ आहे, या लेखकांचं चरित्र आधी वाचावं आणि पुस्तक नंतर. मतं द्या, शिव्या पण चालतील.

शंकेखोर
शिव्या देत नाही पण पटलं अजिबात नाही. चरित्र आधी वाचून पुस्तक उघडलं की माणूस वाचत नाही, ताळा करत बसतो. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला हा दलदलीचा प्रसंग म्हणजे सोम, ही आई म्हणजे ती आई, झालं, पुस्तक संपलं.

आणि टोल्किनचंच उदाहरण दिलंस म्हणून सांगतो, त्याने दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलंय की ही कथा दुसऱ्या महायुद्धाचं रूपक नाही आणि रूपककथा हा प्रकारच त्याला आवडत नाही. दलदलीबद्दल तर त्याने एका पत्रात म्हटलंय की तिच्यात सोमनंतरच्या उत्तर फ्रान्सचा थोडाफार अंश आहे, पण विल्यम मॉरिसच्या जुन्या कादंबऱ्यांचं ऋण त्याहून जास्त. लोक पहिला अर्धा भाग सगळीकडे चिकटवतात आणि मॉरिसला गाळतात, कारण खंदकातला सैनिक ऐकायला भारी वाटतो आणि खोलीत बसून दुसऱ्याची पुस्तकं वाचणारा माणूस कंटाळवाणा. लेखक पुस्तकांतून घडतात हो, दरवेळी जखमांतून नाही.

घुबड
त्याच प्रस्तावनेत पुढे काय लिहिलंय तेही सांग ना. तो म्हणतो की लेखकावर अनुभवाचा परिणाम होत नाही असं होऊच शकत नाही, फक्त तो कसा होतो हे गुंतागुंतीचं असतं. आणि मग स्वतःच सांगतो की १९१४ च्या युद्धात तरुणपण सापडणं हे नंतरच्या युद्धाइतकंच भयंकर होतं, १९१८ पर्यंत त्याचा एक सोडून प्रत्येक जवळचा मित्र मेलेला होता. ही माहिती त्याने स्वतः आपल्या पुस्तकाच्या तोंडाशी ठेवलीये, मी खणून काढलेली नाही. रूपक नको म्हणणं वेगळं आणि आयुष्य नको म्हणणं वेगळं.

बोका
एकाच प्रस्तावनेवर दोघांचं पोट भरतंय, चालू द्या 🍿

शंकेखोर
बरं, टोल्किन सोडू. जेम्स टिपट्री ज्युनियर. सत्तरच्या दशकात या नावाने जबरदस्त विज्ञानकथा येत होत्या, लेखकाला कोणी पाहिलेलं नाही, सगळा व्यवहार पत्रांनी. काहींना शंका होती की ही बाई असावी. तर रॉबर्ट सिल्व्हरबर्ग, स्वतः नावाजलेला विज्ञानकथालेखक, म्हणजे कोणी ऐरागैरा नाही, त्याने १९७५ ला टिपट्रीच्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत लिहिलं की ही शंका हास्यास्पद आहे, या लिखाणात काहीतरी अस्सल पुरुषी आहे. दोनेक वर्षांत उघड झालं की टिपट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन, साठी उलटलेली बाई. लिखाणावरून आयुष्य ओळखायला जाणाऱ्यांचं हे असं होतं. सिल्व्हरबर्गसारखा मुरलेला वाचक जिथे तोंडावर आपटला तिथे आपण कोण?

मृण्मयी
शंकेखोर, ही गोष्ट नेहमी इथेच थांबवली जाते आणि तिथेच मला राग येतो. टिपट्रीने पत्रांमध्ये काय खोटं सांगितलं होतं? जवळजवळ काहीच नाही. लहानपणी आईवडिलांबरोबर आफ्रिकेत प्रवास, युद्धात हवाई फोटोंवरून गुप्त माहिती काढायचं काम, नंतर काही काळ सीआयए, पन्नाशीत प्रायोगिक मानसशास्त्रात पीएचडी, हे सगळं तिचं खरं आयुष्य होतं आणि ते कथांमध्ये उतरलेलं वाचकांना बरोबर दिसलं होतं. ओळख फुटली तीसुद्धा चरित्रातल्या खऱ्या तपशिलामुळेच, प्रवासवर्णनं लिहिणारी आई वारल्याचं पत्रात सांगितलं आणि चाहत्यांनी पेपरातला मृत्युलेख शोधून काढला. म्हणजे वाचकांनी आयुष्य वाचण्यात काहीच चूक केली नव्हती, चूक ही की असलं आयुष्य बाईचं असू शकतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. हे उदाहरण तुमच्या बाजूचं नाहीच मुळी.

आणि पोलिश विज्ञानकथालेखक स्टॅनिस्लाव लेमबद्दल बोलायला हवं. १९२१ चा जन्म, तेव्हाच्या पोलंडमधल्या ल्वूव शहरातलं ज्यू कुटुंब, जर्मन ताब्याच्या काळात खोट्या कागदपत्रांवर मेकॅनिक आणि वेल्डर म्हणून काम करत जीव वाचवला. या माणसाने १९६६ ला बालपणाच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं आणि त्यात आपण ज्यू असल्याचा उल्लेख नाही. दोन वर्षांनी 'हिज मास्टर्स व्हॉइस' ही परग्रहावरच्या संदेशाची कादंबरी आली, त्यात एक दुय्यम पात्र सांगतं की त्याला इतर लोकांबरोबर एका आवारात गोळ्या घालण्यासाठी उभं केलं होतं, त्याची पाळी यायची राहिली आणि तो वाचला. तो प्रसंग आपलाच आहे हे लेमने पुढे आपल्या अनुवादकाला पत्रातून कळवलं. बघा म्हणजे, जे आठवणींच्या पुस्तकात लपवलं ते विज्ञान-कादंबरीत, तेही दुसऱ्याच्या तोंडी घालून सांगितलं. काही लोकांना खरं बोलायला परग्रहाचीच सोय लागते. ज्याला हे माहीत नाही तो ती दोनचार पानं विषयांतर म्हणून उलटून पुढे जाईल.

शंकेखोर
लेमचं माहीत नव्हतं असं नाही, पण त्यातून निष्कर्ष काय काढायचा यावर वाद आहे. ती पानं माहिती नसतानाही हादरवतात, निदान मला हादरवलं होतं, आणि ते लेमच्या लेखणीचं श्रेय आहे. उद्या कळलं की तो प्रसंग त्याने कुणाकडून ऐकला होता तर पानं हलकी होतील का?

माझा मुद्दा मेरी शेलीवरून सांगतो. जन्मानंतर दहाबारा दिवसांत आई गेली, १८१५ ला स्वतःची पहिली मुलगी काही दिवसांची असताना गेली, डायरीत लिहिलंय की स्वप्नात बाळ पुन्हा जिवंत झालं, ते नुसतं गारठलं होतं आणि शेकोटीजवळ चोळल्यावर हललं. पुढच्या वर्षी 'फ्रँकनस्टाइन' लिहायला घेतलं. वाचताना अंगावर काटा येतो, मान्य. पण त्या काळात युरोपात असंख्य बायकांची बाळं जात होती. त्यांनी का नाही लिहिलं? दुःख सगळ्यांकडे असतं, फ्रँकनस्टाइन एकीकडेच होतं. फरक जिथे पडतो तिथे चरित्र गप्प बसतं. आणि ते गप्प बसलं की आपण त्या बाईला प्रतिभेचं श्रेय द्यायचं सोडून दुःखाला देतो. १८१८ ला पुस्तक निनावी आलं तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटला ते तिच्या नवऱ्याचं वाटलं होतं, आता आपण म्हणतो तिच्या दुःखाने लिहून घेतलं. तिने लिहिलं असं कधी म्हणणार?

बोका
हे शेवटचं वाक्य भारी होतं, कितीही नाही म्हटलं तरी.

जुनं खोड
मंडळी, आपल्या घरातलं उदाहरण कोणीच देत नाही म्हणून लिहितो. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. का, तर केंब्रिजहून आलेला नामवंत शास्त्रज्ञ म्हणून परीक्षकांवर दडपण नको, कथा कथा म्हणून तोलली जावी. पहिलं बक्षीस मिळालं. आता मला सांगा, ज्या लेखकाची पार्श्वभूमी एवढी दांडगी, वडील बनारसला गणिताचे प्राध्यापक, स्वतः खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलचे शिष्य, त्यालाच वाटलं की ही सगळी माहिती बाजूला ठेवून वाचा. मी शंकेखोरांच्या बाजूने.

घुबड
काका, आदर आहेच पण कथेचं नाव सांगायचं राहिलं तुमचं. 'कृष्णविवर'. नाव बदललं तरी कथेत कृष्णविवर आणि कालप्रवाहाचा खेळ आहेच की, तो कुठे लपणार? शिवाय टोपणनाव म्हणजे स्वतःचीच आद्याक्षरं उलटी केलेली, म्हणजे लपायचं पण फार नाही 😀 पार्श्वभूमीचा दबाव परीक्षकांवर नको हे एकदम बरोबर. पण ती पार्श्वभूमी नसती तर ती कथाच नसती.

जुनं खोड
खगोलशास्त्र येणाऱ्या प्रत्येकाने कथा लिहिली नाही बाबा. शंकेखोर वर हेच म्हणतायत.

रात्रपाळी
मी कधीचा वाचतोय आणि दोन्ही बाजूंचं डोकं जाग्यावर नाही असं वाटतंय, सॉरी. तुम्ही सगळे पार्श्वभूमी म्हणजे कोण मेलं आणि कोण युद्धात गेलं एवढंच धरून बसलाय. माणूस रोज सकाळी उठून काय करायचा, पैसे कुठून यायचे, लिहायला वेळ कसा काढायचा, हे कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते पुस्तकावर सगळ्यात जास्त ठसा त्याचाच असतो.

एच. जी. वेल्सची आई अपपार्क नावाच्या मोठ्या हवेलीत हाउसकीपर होती. तिथे नोकरांना ये-जा करायला जमिनीखालून बोगदे आहेत, म्हणजे वरच्यांना खालचे दिसायला नकोत. वेल्स स्वतः पोरवयात कापडाच्या दुकानात उमेदवारी करत होता आणि त्याला त्या कामाचा मनस्वी तिटकारा होता. १८९५ च्या 'टाइम मशीन'मध्ये वर सुंदर आळशी लोक आणि खाली अंधारात यंत्रं चालवणारे मॉरलॉक. यात कुणाचा मृत्यू नाही, जखम नाही, फक्त नोकरी आहे.

विनोदी फँटसी लिहिणारा टेरी प्रॅचेट अणुऊर्जा केंद्रांचा प्रेस ऑफिसर होता, काही गडबड झाली की पत्रकारांना 'घाबरायचं काही कारण नाही' सांगायचं काम. त्याच्या पुस्तकातली जादूगारांची युनिव्हर्सिटी वाचा, प्रत्येक विभागप्रमुख असंच बोलतो. चिनी विज्ञानकथालेखक लिऊ त्सिशिन वीजकेंद्रात कॉम्प्युटर इंजिनियर होता आणि ऑफिसात बसून लिहायचो असं त्यानेच सांगितलंय. विज्ञानकथालेखक आसिमोव्हच्या वडिलांचं गोळ्याबिस्किटांचं दुकान होतं, तिथे विकायला आलेली मासिकं हा पोरगा वाचून घडी न मोडता परत ठेवायचा, वडिलांना ती मासिकं फालतू वाटायची पण एकाच्या नावात 'सायन्स' होतं म्हणून परवानगी मिळाली!

आणि ऑक्टेव्हिया बटलर, काळी अमेरिकन लेखिका. वडील लहानपणीच गेले, आई लोकांच्या घरी कामाला, मागच्या दाराने आत जायची. बटलरला डिस्लेक्सिया, तरी लिहायचंच होतं, म्हणून भांडी घासणं, फोनवरून विक्री, चिप्सच्या कारखान्यात तपासणी अशा नोकऱ्या केल्या आणि लिहायला रात्री दोनला उठायची. १९९५ ला मॅकआर्थर ही अमेरिकेतली मोठी फेलोशिप मिळाली, विज्ञानकथा लिहिणाऱ्यांत पहिलीच. शंकेखोर विचारतायत की बाकीच्या बायकांनी का नाही लिहिलं. अहो, कारण त्यांना दोनला उठून लिहिण्याइतकंही त्राण उरलं नाही. चरित्र तिथे गप्प नाहीये, तुम्ही प्रश्न चुकीचा विचारताय.

मृण्मयी
रात्रपाळी, यात अजून एक नाव घाला. बंगालमधली रोकेया सखावत हुसेन, कडक पडद्यात वाढलेली, घरात मुलींना इंग्रजी-बंगाली शिकायची मनाई, मोठ्या भावाने गुपचूप शिकवलं. १९०५ ला 'सुलतानाज ड्रीम', त्यात पुरुष घरात कोंडलेले आणि बायका सूर्याच्या उष्णतेवर देश चालवतायत, हवेतून फिरतायत. आता हे चरित्र न कळता वाचलं तर गमतीशीर उलटापालट एवढंच दिसेल.

चरित्र फक्त सहानुभूतीसाठी लागतं असंही नाही हं. अमेरिकन भयकथालेखक लव्हक्राफ्टचे वंशद्वेषी विचार पत्रांतून स्वच्छ दिसतात, आणि ते कळल्यावर त्याच्या कथांमधली 'परक्या रक्ताची' भीती वेगळीच वाचली जाते. वर्ल्ड फँटसी अवॉर्डची ट्रॉफी म्हणजे त्याचं डोकं असायचं, २०१५ ला ते बंद केलं. काळ्या लेखिकेने ते डोकं घरात कुठे ठेवायचं, हा प्रश्न नेडी ओकोराफोरने २०११ ला बक्षीस मिळाल्यावर जाहीर विचारला होता. तिला सांगा की चरित्राशी काय घेणंदेणं.

शंकेखोर
लव्हक्राफ्टचा द्वेष कळायला पत्रांची गरज नाही, कथांमध्येच ओसंडून वाहतोय. रोकेयाचंही तेच, पुरुषांना जनान्यात ठेवलंय यातली चपराक समजायला तिच्या भावाची माहिती कशाला हवी?

रात्रपाळीचा मुद्दा मात्र चांगला आहे, नोकरी, पैसा, वेळ. पण ते कोण लिहू शकलं याचं उत्तर झालं, काय लिहिलं याचं नाही. बटलर दोनला उठायची हे वाचून तिच्याबद्दल आदर वाढतो, तिची 'किंड्रेड' ही कादंबरी एका ओळीनेही बदलत नाही. मी ते पुस्तक तिच्याबद्दल शून्य माहिती असताना वाचलं. १९७६ मधली काळी बाई गुलामगिरीच्या काळात खेचली जाते, तिथे जिवंत राहायला मान खाली घालते, आणि हळूहळू तिला कळतं की मान खाली घालणारे भ्याड नव्हते. सगळं पानावर होतं.

रात्रपाळी
ते 'भ्याड नव्हते' कुठून आलं माहितीये? कॉलेजात एक मुलगा म्हणाला होता की आपल्याला इतकी वर्षं मागे ठेवणाऱ्या या सगळ्या म्हाताऱ्यांना मारून टाकावंसं वाटतं, पण सुरुवात आईबापापासून करावी लागेल. बटलरला लोकांच्या मागच्या दाराने आत जाणारी आपली आई आठवली, तिने ते अपमान गिळले म्हणून घरात जेवण होतं. त्या पोराला उत्तर म्हणून ते पुस्तक लिहिलं असं ती मुलाखतींतून सांगायची.

शंकेखोर
आणि त्या पोराचं वाक्य माहीत नसताना मला तिचं उत्तर कळलं. म्हणजे कोण जिंकलं?

रात्रपाळी
बटलर. तुम्ही आता तिची मुलाखत वाचा, मग परत बोलू.

बोका
मी चरित्रही वाचलं नाही आणि पुस्तकही, तरी एवढं वाचून 'किंड्रेड' मागवलंय. घुबड, आधी काय वाचू ते शेवटचं सांग, इथे दोन तट पडलेत.

घुबड
पुस्तक आलं असेल तर पुस्तक वाच रे, मी काय पहारा ठेवणार आहे का. पण मधेच तिच्याबद्दल शोधावंसं वाटलं तर शंकेखोरला विचारू नकोस.