शब्दचर्चा: एका देहात ‘दोन’ की ‘दोघे’?

करवीरवाचक (प्रश्न)

या शरीरात मी एकटा नाही, आणखी कुणी आहे, आणि त्या प्रत्येकाला स्वतःचं ‘मी’ आहे, असा अनुभव घेऊन जगणारी माणसं आहेत. इंग्रजीत त्यांनी स्वतःसाठी ‘प्लुरल’ हा शब्द घेतला आणि त्या असण्याला ‘प्लुरॅलिटी’. मराठीत याला काय म्हणावं?

निमित्त आहे ‘यू-गी-ओ’. काझुकी ताकाहाशी यांची ही जपानी चित्रकथा १९९६ ते २००४ या काळात साप्ताहिकातून क्रमशः आली आणि तिच्यावरचं कार्टून जगभर गेलं. युगी नावाचा बुजरा शाळकरी मुलगा एक प्राचीन इजिप्शियन कोडं जुळवतो आणि तेव्हापासून त्याच्या शरीरात आणखी एकजण वावरू लागतो. हा दुसरा धीट आहे, खेळात सहसा हरत नाही, आणि त्याला स्वतःचं नावही आठवत नाही. सुरुवातीला दुसरा पुढे असतो तेव्हाचं युगीला काही आठवत नाही. मग हळूहळू दोघांची ओळख होते, बोलणं सुरू होतं.

आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत काहीजण मिळून मुलांचं भित्तिपत्रक काढतो. कॉलेजच्या एका मुलीनं त्यासाठी लेख दिला आहे. युगी हे ‘अनेक’ असलेल्या माणसाचं चित्र म्हणून वाचता येतं, असं तिचं म्हणणं. लेख मला फार आवडला. पण तिनं ‘दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व’ लिहून खोडलंय, ‘दुहेरी व्यक्तिमत्त्व’ लिहून खोडलंय, आणि शेवटी जागा रिकामी सोडली आहे. ती जागा मला भरायची आहे. ‘दुभंग’ मला पटत नाही, कारण त्यात आधी काहीतरी अखंड होतं आणि ते फुटलं, हे गृहीत धरलेलं असतं. युगीचं काहीही फुटलेलं नाही. उलट एक कोडं जुळलं.

मंगळवारपेठी

‘बहुरूपी’ चालंल की ओ. आपला शब्द हाय, सगळ्यास्नी कळतोय, आणि दारात येऊन गेलेला माणूस डोळ्यासमोर उभा राहतोय.

करवीरवाचक

शब्द सुंदर आहे, पण इथं उलटा पडतो. बहुरूपी पोलीस होऊन येवो की डॉक्टर होऊन, आत माणूस एकच असतो आणि ते त्यालाही माहीत असतं, आपल्यालाही. ‘सोंग’ हा शब्दही म्हणून नको. अशा माणसांना सगळ्यात जास्त ऐकावं लागतं ते हेच, की हे सोंग आहे.

वाडीरत्नागिरीकर

आपल्या भागात यासाठी शब्द नाही असं कसं म्हणता? चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर या. सासनकाठ्या नाचत असतात, गुलालानं डोंगर लाल झालेला असतो, ‘चांगभलं’चा गजर चाललेला असतो, आणि त्यात कुणाच्या तरी अंगात येतं, वारं येतं. माझ्या घरातच ते आहे, म्हणून जपून लिहितो. अंगात आलं की त्या माणसाला कुणी नावानं हाक मारत नाही, ‘देवा’ म्हणतात. नंतर विचारलं तर ती व्यक्ती ‘मी बोललो’ म्हणत नाही, ‘देव बोलला’ म्हणते. बोलणारं तोंड एक, पण बोलणारे वेगळे, हे आपल्या भाषेनं आधीपासून मान्य केलेलं आहे.

मग युगीबद्दल ‘त्याच्या अंगात राजा येतो’ म्हणायला काय हरकत आहे? तो दुसरा खरंच इजिप्तचा राजा निघतो ना? तीन हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे तो वेगळाच आत्मा झाला. मग हे अनेकत्व कसलं, ही तर सरळ अंगात येण्याची गोष्ट आहे.

करवीरवाचक

तीन हजार वर्षं बरोबर. इंग्रजी आवृत्तीत त्याची पाच हजार केली आहेत, म्हणून मुलांत त्यावर वाद होतात.

तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि त्या मुलीनं लेखात तो टाळलेला नाही. ती म्हणते, राजा कुठून आला हा कथेचा भाग झाला, पण आल्यावर दोघं कसे राहतात, हे बघा. एक पाहुणा येऊन निघून जातो, असं इथं होत नाही. शादी नावाचं एक पात्र युगीच्या मनात शिरतं तेव्हा त्याला आत समोरासमोर दोन खोल्या दिसतात. एक खेळण्यांनी भरलेली, दुसरी अंधाऱ्या भुलभुलैयासारखी. म्हणजे दुसऱ्याचं आत घर आहे. प्लुरल माणसंही आपल्या आतल्या जागेबद्दल असंच बोलतात: कुणाची खोली कुठली, पुढे कोण आहे, मागे कोण थांबलंय.

शिवाय याच कथेत आणखी दोघांच्या शरीरात ‘दुसरा’ आहे, आणि तिथं तुमचे-माझे शब्द वेगळे करून बघता येतात.

बाकुरा नावाच्या मुलाच्या गळ्यात एक कडं असतं. त्यातला आत्मा त्याचं शरीर हिसकावून घेतो, त्याच्या मित्रांना छळतो, त्याला विचारत नाही. याला मराठीत चपखल शब्द आहे: झपाटणं. मालिकची गोष्ट निराळी. लहानपणी घराण्याच्या परंपरेपायी त्याच्या पाठीवर सुरीनं लेख कोरतात आणि त्या यातनेतून, त्या रागातून त्याच्यात दुसरा मालिक जन्मतो. बाहेरून कुणी आलेलं नाही. इथं ‘दुभंग’ म्हटलं तर मी भांडणार नाही. आणि युगीकडे दोघं एकमेकांना विचारून पुढे येतात, भांडतात, समजूत काढतात. युगीला तो दुसरा ‘आइबो’ म्हणतो. याला जोडीदार म्हणतात भाषांतरात, पण ही खेळाची गोष्ट आहे, तेव्हा मी तरी ‘भिडू’ म्हणेन.

तिघांनाही एकाच शब्दात कोंबलं की कथेनं कष्टानं वेगळं केलेलं सगळं पुसून जातं. ‘अंगात येणं’ मला आदराचा शब्द वाटतो, पण त्यात येणं आणि जाणं आहे. युगीकडे नांदणं आहे.

कळंबातळं

मी समुपदेशनाचं काम करते. दोन गोष्टी सांगते, कारण शब्द चुकला की आमच्याकडे येणाऱ्या माणसाचं थेट नुकसान होतं.

पहिली. ‘दुभंगलेलं व्यक्तिमत्त्व’ हा शब्द मराठीत दोन अगदी वेगळ्या गोष्टींना चिकटला आहे. ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द दिला. त्याचा शब्दशः अर्थ मन छिन्न होणं, म्हणून आपण छिन्नमनस्कता म्हणतो. पण त्या आजारात एका शरीरात अनेकजण राहत नाहीत. भास होतात, विचारांची साखळी तुटते. सिनेमांनी आणि वर्तमानपत्रांनी दोन्हींची खिचडी करून टाकली. तुमच्या लेखात हा शब्द गेला तर वाचणारा पोरगा चुकीचंच शिकेल.

दुसरी. वैद्यकात ज्याला आधी ‘मल्टिपल पर्सनॅलिटी’ म्हणत, त्याचं नाव मानसिक विकारांच्या अमेरिकी नियमावलीत १९९४ साली बदलून ‘डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर’ झालं. लहानपणीच्या दीर्घ आणि भीषण छळाशी त्याचं नातं वारंवार सांगितलं जातं, आणि त्यावर उपचार आहेत. पण त्याच नियमावलीच्या २०१३ च्या आवृत्तीत निदानाच्या अटींमध्येच लिहिलंय की त्या अनुभवानं माणसाला त्रास होत असला पाहिजे किंवा त्याचं रोजचं जगणं अडत असलं पाहिजे, आणि तो अनुभव समाजानं मान्य केलेल्या धार्मिक रीतीचा सहज भाग नसला पाहिजे. म्हणजे जोतिबाच्या डोंगरावरचं वारं आणि हा विकार एक नाहीत, हे डॉक्टरही मानतात. आणि प्रत्येक प्लुरल माणूस आजारीच असतो, असंही नाही. त्यामुळे तुमचा नवा शब्द निदानाचा नको, असण्याचा हवा.

‘झपाटलेला’ मात्र खऱ्या माणसाबद्दल कधीही वापरू नका. त्या शब्दापायी माणसांना चटके दिले गेलेत, मारलं गेलंय. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं आपल्या राज्यात २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

मंगळवारपेठी

हे मला ठाव न्हवतं. बहुरूपी मागं घेतला.

आम्ही_इथलेच

आम्ही कोल्हापुरात राहतो, नोकरी करतो आणि आम्ही प्लुरल आहोत. इथं पहिल्यांदाच हे मराठीत लिहितोय. आजवर स्वतःबद्दल विचारसुद्धा इंग्रजीत करावा लागला.

युगी आम्हाला का जवळचा, ते सांगतो. त्याला जेव्हा कळतं की मधला वेळ आपल्याला आठवत नाही, तेव्हा तो घाबरतो. मित्रांना सांगितलं तर ते सोडून जातील असं त्याला वाटतं. मग तो सांगतो, आणि ते जात नाहीत. एवढंच. जादू, पत्ते, राक्षस यांतलं काही नसतं तरी आम्ही ते पान वाचत राहिलो असतो. दुष्ट जुळा, खुनी सावली, रात्री बाहेर पडणारा राक्षस, अशी चित्रं आम्हाला भरपूर मिळाली होती. दुसऱ्यावर माया करणारा मुलगा आधी मिळाला नव्हता.

आता भाषेचं. इंग्रजीत प्लुरल माणसं ‘वी’ म्हणतात. पण त्या ‘वी’त ऐकणारा आहे की नाही, ते कळत नाही. मराठीत कळतं. आम्ही आतल्या आत बोलतो तेव्हा ‘आपण’ म्हणतो: आपण आज लवकर निघू या. बाहेरच्याशी बोलताना ‘आम्ही’. युगी दुसऱ्याला म्हणेल ‘आपण जिंकू’, आणि समोरच्या खेळाडूला म्हणेल ‘आम्ही जिंकू’. एवढ्या एका फरकानं कळतं की आत कुणाशी तरी बोलणं चाललंय. ही सोय आपल्या भाषेत तयार आहे, ती त्या लेखात वापरा.

अडचणही सांगतो. आमच्यातली एक बाई आहे. पुण्याकडे ती ‘मी आले’ म्हणाली की कोण बोललं ते लगेच कळतं. इथं कोल्हापुरात बायकाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. त्यामुळे इथं ती कुणाच्या नजरेत न येता वावरते. याचा तिला फार आधार वाटतो. पण तिला ओळख द्यायची असते तेव्हा क्रियापद मदतीला येत नाही, नावच सांगावं लागतं.

करवीरवाचक

तुम्ही सगळ्यांनी हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. ‘तुम्ही’ इथं मी आदरानं लिहिलंय आणि अनेकवचनीही.

नावाचं तुम्ही म्हणालात त्यावरून: त्या दुसऱ्याचं नाव ‘आतेम’ आहे, हे कथेच्या अगदी शेवटी कळतं. तोपर्यंत युगी त्याला ‘मोऊ हितोरी नो बोकु’ म्हणतो. मराठीत ते सहसा ‘दुसरा मी’ होतं. पण ‘हितोरी’ हा जपानीत माणसं मोजायचा शब्द आहे. तेव्हा ‘आणखी एकजण, जो मीच’ असं काहीतरी. ‘एकजण’ महत्त्वाचा. शिवाय युगी स्वतःला ‘बोकु’ म्हणतो आणि आतेम ‘ओरे’. दोन्हींचा अर्थ ‘मी’च, पहिला सौम्य, दुसरा ठसक्याचा. ‘मी’सुद्धा दोघांचा वेगळा.

पन्हाळारोड

मग उत्तर तुम्हीच दिलंत की. जपानीत माणसं मोजायला वेगळा शब्द आहे, तसा आपल्याकडेही आहे. वस्तू ‘दोन’, माणसं ‘दोघे’. दोन खुर्च्या, दोघे पाहुणे. दोघी, तिघं, चौघं. हिंदीत ही सोय नाही, इंग्रजीत नाही.

‘युगीमध्ये दोन व्यक्तिमत्त्वं आहेत’ म्हटलं की आपण एका माणसाचे गुण मोजतोय असं वाटतं. ‘युगीमध्ये दोघे आहेत’ म्हटलं की माणसं मोजली. त्या मुलीच्या लेखाचं सगळं म्हणणं या एका शब्दात येतं.

आणि सर्वसाधारण नाम हवं असेल तर ‘अनेकपण’. व्याकरणात आपण ‘अनेकवचन’च म्हणतो. संस्कृतातलं द्विवचन मराठीनं ठेवलं नाही, त्यामुळे आपल्याकडे एकानंतर थेट अनेक सुरू होतं. दोघे असले तरी अनेकपण, बाराजण असले तरी अनेकपण. ‘बहुत्व’, ‘बहुलता’ हे शब्द वाईट नाहीत, पण पेठेत कुणी बोलणार नाही.

वाडीरत्नागिरीकर

‘अनेकपण’ पटलं. अंगात येणं वेगळं ठेवावं, हेही पटलं. एक शंका: आदरार्थीचं काय करणार? ‘महाराज आले’ म्हणताना महाराज एकच असतात. जुन्या लिखाणात राजे स्वतःलाही ‘आम्ही’ म्हणवतात, आणि कोल्हापुरात तर ते कानाला सवयीचं. कुणी ‘आम्ही’ म्हणालं की माणूस मोठेपणा करतोय, असंच लोकांना वाटणार.

आम्ही_इथलेच

वाटतं खरं. ऑफिसात एकदा ‘आम्ही’ निसटलं तर सगळे हसले, ‘सरकार आले’ म्हणाले. त्या दिवशी आम्हाला ते बरं वाटलं, कारण कुणी खोदून विचारलं नाही. पण सांगायचं असेल तेव्हा ‘आम्ही दोघं’ म्हणतो. मग मोठेपणाची शंका राहत नाही. ‘अनेकपण’ आमच्यात सगळ्यांना आवडला. ‘पण’नं संपणारे शब्द आपल्याला घरचे वाटतात: बालपण, माणूसपण.

करवीरवाचक

मुलीशी बोललो. रिकाम्या जागी ‘अनेकपण’ जातंय आणि लेखभर ‘दोन’च्या जागी ‘दोघे’. बाकुरासाठी ‘झपाटणं’ ठेवलंय, पण ते कथेतल्या पात्रापुरतंच आहे असं एक वाक्य तिनं कळंबातळं यांचं वाचून जोडलं. मालिकसाठी तिनं ‘दुभंग’ही काढला. तिचं कारण: शेवटी मालिक स्वतः खेळ सोडून देतो आणि दुसरा नाहीसा होतो, पण कथा त्या दुसऱ्याला तुकडा म्हणून दाखवत नाही, त्याला इच्छा आहे, राग आहे. मला अजून ‘दुभंग’ तिथं चालेल असं वाटतं, पण लेख तिचा आहे.

एक वाक्य मात्र दोघांना मिळूनही जमेना. शेवटच्या डावात युगी आणि आतेम समोरासमोर खेळतात, आता दोन वेगळ्या शरीरांत. युगी जिंकतो, म्हणून आतेमला परलोकात जाता येतं. तिनं आधी लिहिलं होतं, ‘युगी पुन्हा एक झाला.’ मी म्हटलं, ‘एक झाला’ म्हणजे मराठीत जुळला, एकजीव झाला. इथं तर निरोप आहे. ‘एकटा झाला’ म्हणावं तर त्यात बिचारेपण येतं, आणि त्याचे मित्र तिथंच उभे आहेत.

पन्हाळारोड

‘दोघांतला एकजण गेला.’ बाकी काही लिहू नका.

आम्ही_इथलेच

हो, हेच ठेवा. फक्त ‘एकजण’च्या जागी नाव घाला. ‘दोघांतला आतेम गेला.’ नाव मिळवायला त्याला अख्खी कथा लागली आहे.