कोकण सहल: आधी तिथी, मग तिकीट

विषय: कोकण सहल, तारखा पक्क्या करायच्या आहेत

नमस्कार मंडळी,

हिवाळी सुट्टीत भारतात असणाऱ्या 22 जणांची अलिबाग ते हर्णै सहल ठरते आहे. सहा जण सत्तरीपुढचे, पाच मुलं. मुंबईहून निघून चार मुक्काम. अलिबागचा कुलाबा, जंजिरा आणि सुवर्णदुर्ग हे तिन्ही किल्ले व्हावेत अशी इच्छा आहे. शनिवार-रविवार जोडून तारखा घ्याव्यात असं वाटतं. विमानाची तिकिटं या आठवड्यात काढायची आहेत, तेव्हा जाणकारांनी लवकर लिहावं.

सहल समिती

उत्तर: कोकण सहल, तारखा पक्क्या करायच्या आहेत

समितीस नमस्कार.

वार राहू द्या, आधी कॅलेंडरात तिथी बघा. या पट्ट्यातली निम्मी ठिकाणं भरती-ओहोटीवर अवलंबून आहेत. कुलाब्याला ओहोटीतच चालत जाता येतं, आणि हरिहरेश्वरची समुद्राकाठची प्रदक्षिणाही ओहोटीतच होते.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. दुपारी तीनला भरती आणि त्याआधी साधारण सव्वासहा तास, म्हणजे पावणेनऊला ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. तिथी दिवसाच्या मध्येच बदलते, त्यामुळे अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो. जायच्या आठवड्यात भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून वेळा ताडून घ्या.

इथे एक चूक हमखास होते. अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते, म्हणून तो दिवस सोयीचा वाटतो. पण तेव्हा भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी असते. पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही, आणि कुलाब्याच्या वाटेवर पाणी राहून जातं. उलट पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप मागे हटतं, पण ते पहाटे आणि संध्याकाळी, अंधाराच्या तोंडाशी. मधले दिवस म्हणजे तृतीया ते षष्ठी. पाणी पुरेसं उतरतं आणि वेळ सकाळची मिळते.

म्हणून द्वितीयेला मुंबई सोडा. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीत गाड्याही चढतात, तासाभरात पलीकडे. मुक्काम अलिबाग.

तृतीयेला ओहोटी आठच्या सुमाराला. सातला वाळूत उतरा, साडेनऊच्या आत परत या. भरतीचं पाणी लाटा मारत येत नाही, खळग्याखळग्यांतून गुपचूप भरत जातं. घोडागाड्या परत फिरू लागल्या की आपणही निघायचं. गडावर तटाच्या दगडांच्या सांध्यात बोट घालून बघा: चुना नाही. मोठे दगड नुसते एकावर एक रचलेत. लाट फटींतून आत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. परतल्यावर गावातली कान्होजी आंग्र्यांची समाधी चुकवू नका. ते 1729 मध्ये गेले. दुपारी रेवदंडा, कोर्लई. मुक्काम मुरुड.

चतुर्थीला जंजिरा, राजपुरीहून शिडाच्या होडीने. अगदी ओहोटीत जाऊ नका, दरवाज्याच्या खालच्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. साडेदहा-अकराला पाणी थोडं चढलेलं असतं आणि दुपारचा वारा सुटलेला नसतो, ती वेळ चांगली. होडीवाले साधारण पाऊण तास देतात; तेवढ्यात कलालबांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचा तलाव होतो. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी किल्ला बंद असतो, एवढ्यापुरता मात्र वार बघा. मग आगरदांडा-दिघी फेरीबोट आणि मुक्काम हरिहरेश्वर.

पंचमीला ओहोटी साडेनऊला, तेव्हा प्रदक्षिणा. भरती चढू लागल्यावर त्या खडकांवर कोणीही थांबायचं नाही. लाटेने माणसं ओढून नेली आहेत. मग बागमांडला-वेसवी फेरी आणि संध्याकाळी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव.

षष्ठीला सकाळी सुवर्णदुर्ग. तिथे धक्का नाही, घोटा ते गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. दरवाज्यापाशी भिंतीत कोरलेला मारुती आणि पायरीवरचं कासव मुलांना शोधायला लावा. परत येताना खेडला कोकण रेल्वे मिळते.

दिवेआगर मी मुद्दाम धरलेलं नाही. त्या वेळात मुरुडहून वेगळी होडी ठरवून समुद्रातला पद्मदुर्ग किल्ला करता आला तर करा. परवानगीचं होडीवाल्याला आधी विचारून ठेवा. तिथे कुलाब्याच्या नेमकं उलट दिसतं. दगड खाऱ्या वाऱ्याने झिजून आत गेलेत आणि सांध्यांतला चुना कडांसारखा पुढे उभा आहे, मधाच्या पोळ्यासारखा. शिवकाळातला तो चुना बघायला मी बाकी काहीही सोडेन.

उत्तर: कोकण सहल, तारखा पक्क्या करायच्या आहेत

काकांनी तिथ्यांचं नेमकं लिहिलंय. वडीलधाऱ्यांसाठी आणि गाड्यांसाठी थोडी जोड.

22 जणांना एक मोठी बस करू नका. मुरुड-हर्णैच्या गल्ल्यांत ती वळत नाही. 17 आसनी दोन टेम्पो ट्रॅव्हलर घ्या. फेरीबोटीत चढताना सगळ्यांनी खाली उतरायचं. या गाडीचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे लोंबतो, आणि ओहोटीला धक्क्याचा उतार खडा झाला की तो घासतो. रिकामी गाडी थोडी वर उचलली जाते. चालक कोकणातलाच मागा, त्याला हे माहीत असतं. फेरी बंद असली तर सावित्री नदीपलीकडे जायला आंबेतच्या पुलाचा मोठा वळसा पडतो, त्यासाठी पंचमीची दुपार मोकळी ठेवा.

कुलाब्याला गुडघेदुखीवाल्यांना घोडागाडी करा. जंजिऱ्याला होडी पायरीशी खालीवर होत असते, तिथे हात धरून उडी टाकल्यासारखं उतरावं लागतं. ज्यांचा तोल जातो त्यांनी राजपुरीच्या वरच्या रस्त्यावरून किल्ला बघावा, तिथून तो अख्खा दिसतो. सुवर्णदुर्गही त्यांनी हर्णैच्या किनाऱ्यावरूनच बघावा. बाकीच्यांनी पट्ट्याच्या रबरी चपला घालाव्यात, बूट नकोत.

खानावळीला माणसांचा आकडा आदल्या रात्री कळवा, मासळी त्या हिशोबाने आणतात. कृष्ण पक्ष धरलात तर जंजिऱ्याचा दिवस संकष्टीचा येतो. उपास किती जणांचे आणि चंद्रोदयानंतर जेवणारे किती, हेही सांगून ठेवा. होडी आणि फेरीसाठी सुटे पैसे रोख बाळगा.

उत्तर: कोकण सहल, तारखा पक्क्या करायच्या आहेत

दोघांचेही मनापासून आभार. शनिवार-रविवारचा हट्ट सोडला. सुट्टीत पौर्णिमेनंतरची द्वितीया ते षष्ठी धरतो आहोत. जंजिऱ्याला शुक्रवार येत नाही हे बघून आज रात्री तारखा कळवतो. संकष्टी करणाऱ्यांनी याच पत्राला उत्तर देऊन नावं द्यावीत.

सहल समिती