प्रोमेनाडच्या पत्रासाठी मुद्दे

सेक्रेटरी: मुंबईच्या कोस्टल रोडच्या प्रोमेनाडबद्दल (समुद्राकाठच्या पायवाटेबद्दल) आपल्या सोसायटीतर्फे वॉर्ड ऑफिसला पत्र द्यायचंय. नेमकं लिहा. 'सोय करावी' लिहिलं की 'नोंद घेतली' एवढंच उत्तर येतं.

बी-२०४: ऑगस्ट २०२५ पासून प्रोमेनाड खुला आहे, पण मध्ये ८ पदरी रस्ता, त्यामुळे भुयारी मार्गाशिवाय पर्याय नाही. खरी अडचण त्याच्याही आधी, महालक्ष्मी स्टेशन ते हाजी अली या सव्वा-दीड किलोमीटरमध्ये आहे. तेवढं अंतर नीट चालता आलं नाही तर लोक गाडीच काढणार. पार्किंग वाढवा, असं मात्र लिहू नका.

सी-७०१: ताई, मग ज्येष्ठांनी यायचं कसं?

ए-५०२: ज्येष्ठांसाठी भुयाराच्या तोंडाशी ४-५ राखीव जागा मागा. त्यांचं खरं काम लिफ्ट आणि रॅम्पवर अडतं. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. म्हणजे ५ मीटर खाली जायचं तर ६० मीटर लांबी, शिवाय दर ७५० मिमी खाली उतरल्यावर दीड मीटरचा सपाट टप्पा. एकूण जवळपास ७० मीटर. जागा नाही म्हणून उतार वाढवला की व्हीलचेअर ढकलणाऱ्याच्या हातून सुटते. तेवढी जागा नसेल तर लिफ्टच हवी, पण वीज गेली तरी जवळच्या मजल्यावर थांबून दार उघडणारी, म्हणजे एआरडी असलेली. लिफ्टच्या खड्ड्यात फ्लोट स्विचचा, म्हणजे पाणी चढलं की आपोआप सुरू होणारा पंप सक्तीचा करा. समुद्राकाठी पहिलं पाणी तिथेच साचतं आणि लिफ्ट आठवडाभर बंद पडते. कंट्रोल पॅनल स्टेनलेस स्टीलचं आणि जमिनीपासून वर लावलेलं मागा.

सेक्रेटरी: काका, भुयारात पाणी भरण्याचं काय?

ए-५०२: भरती ४.५ मीटरच्या वर आणि त्याच वेळी मुसळधार पाऊस, असं झालं की पातमुखांतून, म्हणजे पावसाचं पाणी समुद्रात सोडणाऱ्या तोंडांतून, पाणी समुद्रात आपोआप जात नाही, उलट आत येऊ बघतं. म्हणून दोन पंप, एक चालू आणि एक राखीव. दोन्हींच्या पाइपला पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, आणि जनरेटर भुयाराच्या बाहेर, उंचावर. मे महिन्यात प्रत्यक्ष पाणी सोडून चाचणी घ्या, असं स्पष्ट लिहा. नुसतं प्रमाणपत्र चालणार नाही.

डी-३०३: स्टेशन ते हाजी अली अशा बसचा हिशोब देते. जाऊन-येऊन तीन किलोमीटर, गर्दीत ताशी १० किमी धरले तर १८ मिनिटं, टोकाचा थांबा धरून ३०. दर १० मिनिटांनी बस हवी तर ३ मिनी बस पुरतात, एक राखीव. २० मिनिटांनी एक ठेवली तर कोणी थांबत नाही, मग 'प्रवासी नाहीत' म्हणून मार्गच बंद होतो. एसी बसचं किमान भाडं १२ रुपये आहे, टॅक्सीपेक्षा ते नक्कीच परवडतं.

बी-२०४: स्टेशनहून येतानाच्या सिग्नलचंही घाला. तिथे चार पदर ओलांडायचे म्हणजे १४ मीटर. तरुण माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, त्याला १२ सेकंद पुरतात. आजीआजोबांचा वेग ०.८ धरला तर साडेसतरा. हिरवा दिवा किमान २० सेकंद मागा.

सी-७०१: सायकल ढकलत नेण्यासाठी जिन्याच्या कडेला चाकाची खोबण हवी. भिंतीला चिकटून नको, हँडल घासतं. आणि गटाराच्या जाळीच्या पट्ट्या चाकाला आडव्या, नाहीतर बारीक टायर आत अडकतो.

बी-२०४: पार्किंगवरून बरोबर सायकलवर आलात. हेही टाकते.

सेक्रेटरी: मसुदा रात्री टाकतो. ए-५०२ काका, रॅम्पचे आकडे तुम्ही एकदा तपासून द्या. सह्या रविवारी गेटवर.