पाच माणसे, घडीची व्हीलचेअर आणि तांदळाचे पोते: कोणती एसयूव्ही घ्यावी?

पेठेतली_सून:
नमस्कार. आम्ही शिवाजी पेठेत राहतो. आम्ही दोघे, नववीतली मुलगी आणि सासू-सासरे अशी घरात पाच माणसे आहोत. मामंजींना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून घडीची व्हीलचेअर कायम सोबत न्यावी लागते. दर दोन महिन्यांनी आजऱ्याकडे गावी जाणे होते आणि परतताना घरच्या घनसाळ तांदळाचे २५ किलोचे पोते असतेच. सध्याच्या लहान गाडीत खुर्ची ठेवली की पोते मुलीच्या पायाशी येते आणि ती कोल्हापूरपर्यंत पाय वर घेऊन बसते. ऑन-रोड १४ लाख रुपये ही आमची शेवटची मर्यादा आहे. गाडी लावायची जागा भिंतीपासून फाटकापर्यंत १५ फूट, म्हणजे ४५७२ मिलिमीटर आहे. कोणाची डिकी खरोखर मोठी आहे, हे वापरणाऱ्यांनी कृपया सांगावे.

उद्यमनगरकर:
ताई, दुसरा विचारच करू नका, इनोव्हा क्रिस्टा घ्या. माझ्या गाडीचे पावणेतीन लाख किलोमीटर झाले आहेत आणि तिन्ही रांगा भरल्यावरही मागे ३०० लिटर जागा उरते. १४ लाखांत बसत नसेल तर वर्षभर थांबा, कारण घरची गाडी काही दरवर्षी घेतली जात नाही.

रंकाळाकाठ:
इनोव्हा क्रिस्टाची लांबी ४७३५ मिलिमीटर आहे, ती ताईंच्या फाटकाबाहेर राहील. त्यापेक्षा स्कॉर्पिओ-एन पाहा. मी आमच्या गाडीने पावसाळ्यात गगनबावड्याचा घाट अनेकदा चढलो आहे, कधीही अडचण आली नाही.

मंगळवारपेठकर:
स्कॉर्पिओ-एनही ४६६२ मिलिमीटर लांब आहे, म्हणजे तीही फाटकाबाहेरच राहणार. शिवाय रुंदी १९१७ मिलिमीटर असून त्यात बाजूचे आरसे धरलेले नसतात. आमच्या पेठेतल्या बोळात समोरून छोटा टेम्पो आला तर दोघांपैकी एकाला मागे जावे लागते, हे मी रोज अनुभवतो. चार मीटरच्या आतलीच गाडी घ्या. आता त्यांच्यावर जीएसटीही १८ टक्केच आहे.

मोजमाप:
जीएसटीबाबत एक दुरुस्ती. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के दर मिळण्यासाठी लांबी चार मीटरच्या आत असणे पुरेसे नाही, पेट्रोल इंजिनही १२०० सीसीपर्यंतच असावे लागते. ब्रेझा ३९९५ मिलिमीटर असली तरी तिचे इंजिन १४६२ सीसी आहे, त्यामुळे ती ४० टक्क्यांतच येते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. डिकीचे लिटर मोजताना बहुतेक ठिकाणी २०० × १०० × ५० मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे आत रचतात आणि जितके मावतील तितके लिटर धरतात. असे ठोकळे कोनाकोपऱ्यांतही बसतात, पण व्हीलचेअर एकसंध वस्तू असल्यामुळे चाकांच्या कमानी आत किती आल्या आहेत आणि दाराचे तोंड किती रुंद आहे यावरच सगळे ठरते. तिन्ही रांगा उभ्या असताना अर्टिगात २०९, कॅरेन्समध्ये २१६, अल्काझारमध्ये १८० आणि सफारीत केवळ ७३ लिटर जागा राहते, तर तिसरी रांग दुमडल्यावर अर्टिगात ५५०, अल्काझारमध्ये ५७९ आणि कॅरेन्समध्ये ६४५ लिटर मिळते. ग्रँड विटाराच्या साध्या प्रकारात ३७३ लिटर आहेत, पण स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटरही असलेल्या प्रकारात, बॅटरी डिकीखाली असल्यामुळे २६५च उरतात. हे सर्व पाहता माझे मत अर्टिगाला आहे.

घाटवाट:
माझेही मत अर्टिगालाच. तिसरी रांग दुमडा आणि निर्धास्त राहा. फक्त सीएनजी घेऊ नका, सिलिंडर डिकीतच येतो. आणि टपावरच्या कॅरिअरचा मोह टाळा. आंबा घाटात पावसाने ताडपत्रीची दोरी सुटून माझे पोते भिजले आणि आठ दिवस तांदूळ गच्चीवर वाळवत बसावे लागले.

रंकाळाकाठ:
घनसाळ मार्केट यार्डातही मिळतो. पोत्यासाठी एवढी मोठी गाडी कशाला?

पेठेतली_सून:
काका, तो मामंजींच्या स्वतःच्या शेतातला तांदूळ आहे. ते जेवताना वास घेऊन ओळखतात, म्हणून तो येणारच.

पेठेतली_सून (बारा दिवसांनी):
सर्वांचे मनापासून आभार. मोजमाप यांचे म्हणणे वाचून आम्ही फाटकाच्या आत खडूने प्रत्येक गाडीची लांबी आखली आणि खुर्ची व भरलेले पोते घेऊन चार शोरूम फिरलो. तिसऱ्या रांगेची पाठ दुमडली तरी आसनाची गादी खालीच राहते, त्यामुळे फरशी उंच होते. खुर्ची १७ किलोची आहे आणि ती इतक्या वर उचलणे सासूबाईंना जमले नाही, आणि दुपारी फिजिओथेरपीला नेताना ती त्यांनाच उचलावी लागते. शेवटी इथे कोणीच न सुचवलेली होंडा एलिव्हेट, तिचा पेट्रोलचा खालचा प्रकार, आम्ही नोंदवला. ती ४३१२ मिलिमीटर लांब आहे, फाटकाशी २६० मिलिमीटर मोकळे राहतात आणि डिकी ४५८ लिटरची आहे. खुर्ची आडवी ठेवून शेजारी पोते उभे राहिले. आसनाची उंचीही मामंजींना सोयीची वाटली, ते आधाराशिवाय बसले. आता पोते घसरू नये म्हणून काय करावे?

उद्यमनगरकर:
ताई, दोन रांगांची गाडी घेतलीत, दिवाळीला पाहुणे आले की सातव्या माणसाची आठवण होईल. असो. पोते मागच्या आसनाच्या पाठीला अगदी चिकटवून तळाशी आडवे ठेवा आणि खुर्ची त्याच्यामागे पट्ट्याने डिकीतल्या कड्यांना बांधा. ब्रेक जोरात लागला की मोकळी वस्तू पुढे येते. कडी नसल्या तर आमच्याकडे उद्यमनगरात करून मिळतात.